तिचा खेळ कुणी बंद केला?

परवा बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि विषय निघाला मुलींच्या वजनाचा. "आमची नववीतली जागची हलत नाही, सारखा मोबाईल!" एकीनं सुरुवात केली, मग सगळ्याच सुरू झाल्या. मीही मान डोलावली. घरी येताना मात्र मनाला खटकलं. माझी लेक सातवीपर्यंत शाळेच्या खो-खो संघात होती. तिचा खेळ मोबाईलनं नाही, मी बंद केला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मोठी झाली आता, मैदानावर मुलं बघत असतात." त्यातच तिची पाळी सुरू झालेली. मी म्हटलं, "राहू दे आता, अभ्यास बघ." तिनं निमूट ऐकलं. त्याचंच आज वाईट वाटतं.

मैत्रिणींनो, हे घरोघरी चालतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, या वयात रोज सरासरी तासभर तरी घाम निघेल अशी हालचाल हवी. संघटनेनं १४६ देशांतल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलांची २०१६ ची आकडेवारी तपासली. शंभरातले ७८ मुलगे तेवढे हलत नव्हते, आणि मुली ८५! म्हणजे मुलगेही काही फार शहाणे नाहीत, पण त्यांना "मैदानावर कशाला जातोस?" असं कोण विचारतं?

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तीही आधी खो-खोच खेळायची. आपल्या सगळ्या मुली ऑलिंपिकला जाणार नाहीत, जायलाही नको. पण दुष्काळी भागातल्या त्या घरानं पोरीला धावू दिलं, हे महत्त्वाचं.

मी लेकीला विचारलं, "पुन्हा खेळशील?" म्हणाली, "एकटी नाही जाणार. सगळे बघतात." खरंच आहे. या वयात आईच्या दहा वाक्यांपेक्षा मैत्रिणीची एक हाक मोठी. म्हणून गल्लीतल्या आणखी दोघींच्या आयांना भेटले. एक लगेच तयार झाली, दुसरीनं "यांना विचारून सांगते" म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

आता सकाळी सहाला आम्ही दोघी आया आणि आमच्या दोन मुली शाळेच्या मैदानावर जातो. आम्ही साडीवर कॅनव्हासचे बूट घालून फेऱ्या मारतो. पोरी हसतात, हसू देत. काकूंनी विचारलंच, "एवढ्या सकाळी कुठं?" "खेळायला," मी म्हटलं. लेक अजून खो-खोला तयार नाही, सवय गेली म्हणते. पण काल माझ्याआधी तीच उठली होती.