इंग्रजी निबंध वाचतो कोण?

इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे लेखन कसे सुधारावे, याचे उत्तर दीर्घकाळ व्याकरणाच्या पुस्तकातच शोधले गेले. नमुना निबंध फळ्यावर यायचा, विद्यार्थी थोडेफार शब्द बदलून तो वहीत उतरवायचा आणि शिक्षक चुकांखाली लाल रेघ ओढायचे. १९७०नंतर अमेरिकेतील संशोधक लिहून झालेल्या मजकुराऐवजी लिहिण्याच्या क्रियेकडे वळले. कार्नेगी मेलन विद्यापीठातील लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी लिहिणाऱ्यांना लिहिता लिहिताच मनातले विचार मोठ्याने बोलायला लावले आणि १९८१ मध्ये असे मांडले की आखणी, शब्दांकन व पुनरावलोकन या क्रिया ओळीने एकामागून एक होत नाहीत. एकीच्या मध्येच दुसरी सुरू होते आणि काही ओळी लिहून झाल्यावर लिहिणाऱ्याचा मूळ हेतूही बदलू शकतो.

परक्या भाषेत ही कसरत अधिक अवघड होते, कारण कार्यकारी स्मृती, म्हणजे माहिती क्षणभर धरून ठेवून तिच्यावर काम करण्याची मनाची क्षमता, फार तोकडी असते. स्पेलिंग, काळ आणि शब्दांचा शोध यांतच ती खर्ची पडली, की मजकूर वाचणाऱ्याला काय कळेल, याचा विचार करायला जागा उरत नाही. मात्र म्हणून लिहिणे लांबणीवर टाकून केवळ वाचन-श्रवण वाढवावे, असे म्हणता येत नाही. कॅनडात इंग्रजी भाषक मुलांना बहुतांश विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळांचा अभ्यास करताना मेरिल स्वेन यांना आढळले की अनेक वर्षे फ्रेंच ऐकून-वाचून मुलांचे आकलन उत्तम झाले, तरी बोलण्या-लिहिण्यातले व्याकरण कच्चेच राहिले. त्यावरून त्यांनी १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले की अर्थ संदर्भावरून ताडता येतो, वाक्य मात्र स्वतः रचावे लागते, आणि ते रचताना आपल्याला काय येत नाही हे शिकणाऱ्याला उमगते.

मग लाल शाईचे काय? जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देणे निरुपयोगीच नव्हे तर अपायकारकही आहे आणि ते बंद करावे, अशी टोकाची भूमिका घेतली, तेव्हा डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये हा निष्कर्ष घाईचा असल्याचे उत्तर दिले आणि वाद अनेक वर्षे चालला. ऑकलंडमध्ये जॉन बिचनर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने त्यातून वाट काढली: ७५ विद्यार्थ्यांच्या लेखनात त्यांनी फक्त ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांच्या दोन उपयोगांकडे लक्ष दिले, आणि दुरुस्ती मिळालेले गट दोन महिन्यांनंतरही न मिळालेल्या गटाच्या पुढे राहिले. इंग्रजीच्या धर्तीची उपपदे नसलेल्या मराठीतून येणाऱ्या विद्यार्थ्याला हा निष्कर्ष विशेष लागू पडावा. सगळी वही रंगवण्यापेक्षा एका वेळी एकच चूक धरणे शिक्षकाच्याही मनगटाला परवडणारे आहे.

तरीही दुरुस्ती करणारा हा खरा वाचक नव्हे. त्याला मजकुरातून काही जाणून घ्यायचे नसते. वर्गातल्या सोबत्यांना वाचक केले तर काय होते, याविषयी क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांचा २००९ मधला अभ्यास मोठा मजेदार आहे. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात इंग्रजी शिकणाऱ्या ९१ विद्यार्थ्यांपैकी काहींनी सत्रभर इतरांच्या निबंधांवर केवळ अभिप्राय दिले, तर काहींनी केवळ मिळालेले अभिप्राय वापरून सुधारणा करण्याचा सराव केला. सत्राअखेरीस स्वतःच्या लेखनात अधिक प्रगती केली ती अभिप्राय देणाऱ्यांनी, आणि ही तफावत इंग्रजी कमी येणाऱ्यांत जास्त ठळक होती. दुसऱ्याच्या मजकुरातला तुटलेला दुवा शोधायची सवय झाली, की तीच नजर स्वतःच्या मजकुरावर फिरू लागते, असे याचे स्पष्टीकरण देता येते.

अर्थात हे विद्यार्थी विद्यापीठातले होते आणि अभिप्राय कसा द्यावा हे त्यांना रीतसर शिकवलेले होते, त्यामुळे मराठी माध्यमाच्या आठवीच्या वर्गात हेच जसेच्या तसे घडेल असे मानणे धाडसाचे ठरेल. तिथे मुले एकमेकांच्या वह्यांत आधी स्पेलिंगच शोधतील. त्यांना ‘हे कोणाबद्दल आहे’, ‘यानंतर काय झाले’, ‘हे इथे का आले’ एवढेच प्रश्न विचारायला सांगावेत, आणि ते मराठीतून विचारायलाही हरकत नसावी, कारण मांडणीतली उणीव ओळखण्यासाठी इंग्रजी पक्के असावे लागत नाही.