हँग होणारा पीसी आणि गुन्हेगार मॉड्यूल

"परत हँग!" सबमिशनच्या आठवड्यात आमच्या मजल्यावर ही आरोळी रोज ऐकू येते. मग कोणी रॅम काढून खोडरबराने घासतं, कोणी सरळ फॉरमॅट मारतं. मित्रमैत्रिणींनो, जरा थांबा. (कॉन्व्हेंटवालीचं मराठी आहे, सांभाळून घ्या!)

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. वायफाय, साउंड, ग्राफिक्स अशा हार्डवेअरशी बोलणारे त्याचे तुकडे म्हणजे मॉड्यूल्स. ब्राउझर कोसळला तर एकटाच कोसळतो. मॉड्यूल मात्र कर्नलच्याच मेमरीत चालतं, त्यामुळे त्याची एक चूक अख्खं मशीन बंद पाडू शकते. १९ जुलै २०२४ आठवतोय? विंडोजवरच्या क्राउडस्ट्राइकच्या कर्नल ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरातले ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या अंधेरीजवळच्या विमानतळावरही काही विमान कंपन्यांना चेक-इन हाताने करावं लागलं. उपाय? सेफ मोडमध्ये, म्हणजे तो ड्रायव्हर न चढवता, मशीन सुरू करायचं आणि ती फाइल उडवायची.

लिनक्समध्येही तत्त्व तेच, फक्त संशयित आपण शोधायचा. माझा पीसी मोठं डाउनलोड लावलं की गोठायचा, माउससकट. प्रोजेक्ट रिपोर्ट दोनदा अर्धवट गेला. आधी रात्रभर मेमटेस्ट चालवली. रॅम ठीक निघाली. मग 'जर्नलसीटीएल'ने मागच्या बूटचा कर्नल लॉग पाहिला. शेवटच्या ओळींत वायफायच्या मॉड्यूलचं नाव पुन्हा पुन्हा! 'एलएसमॉड'च्या यादीत ते होतंच. 'मॉडप्रोब'ला वजा आर लावून ते उतरवलं आणि लॅन केबलवर तेच डाउनलोड लावलं. सकाळपर्यंत व्यवस्थित चाललं.

पण रीस्टार्ट केलं की मॉड्यूल परत हजर. म्हणून 'मॉडप्रोब डॉट डी' या फोल्डरमध्ये एक कॉन्फ फाइल करून तिच्यात 'ब्लॅकलिस्ट' आणि पुढे मॉड्यूलचं नाव लिहायचं. उबुंटूवर त्यानंतर इनिटरामएफएस अपडेट करावं. एक गोची आहे: ब्लॅकलिस्टने आपोआप चढणं थांबतं, पण दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज असेल तर ते तरीही चढतं.

एका वेळी एकच मॉड्यूल बंद करा, नाहीतर गुन्हेगार कोण ते कळत नाही. आणि डिस्क किंवा फाइल सिस्टिमच्या मॉड्यूलला हात लावू नका, मशीन बूटच होणार नाही. आमच्या शेजारच्या खोलीत हा पराक्रम झालाय.

नवीन कर्नल आला की ती ओळ काढून पुन्हा बघणार आहे. तोवर केबल रूममेटच्या कॉटखालून जाते, आणि ती रोज एकदा तरी अडखळते.