गालाच्या हाडावरचा थर

सकाळी ७:३०
नायगावातून परळला पायीच निघतो. भोईवाडा ओलांडेपर्यंत आजची केस डोक्यात घोळत असते: साठी उलटलेल्या काकूंचं फेसलिफ्ट.

८:३०
काकूंना बसवूनच तपासतो. आडवं झालं की गाल मागे सरकतात. “काकू, भुवया वर करा. डोळे घट्ट मिटा. दात दाखवा.” खालचा ओठ डावीकडे मुळातच कमी हलतो. त्याची आधीच नोंद हवी, व्हिडिओही हवा. मग जांभळी रेघ: कानापुढच्या कुर्चेच्या अर्धा सेंटिमीटर खालून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटिमीटर वरपर्यंत. ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी १९६६ साली ही रेघ दाखवून दिली. चेहऱ्याच्या नसेची कपाळ हलवणारी फांदी साधारण याच वाटेने जाते.

९:३०
भूलतज्ज्ञांशी ठरवून घेतो: स्नायू फार वेळ ढिले ठेवणारं औषध नको. हत्यार नसेजवळ गेलं, तर पापणी किंवा ओठ फडफडलेला दिसला पाहिजे.

१०:००
त्वचा उचलली की पिवळी चरबी, तिच्याखाली पांढुरका चिवट पडदा: स्मास. कानापुढे नस लाळग्रंथीच्या आत असते, तिथे थोडा दिलासा. ग्रंथीच्या पुढच्या कडेला तिच्या फांद्या उथळ येतात. गालाच्या हाडाच्या कमानीवर तर कपाळाची फांदी पडद्याच्या अगदी पोटाशी असते. इथे त्वचेलगतच्या थरातच राहतो, कात्रीची टोकं वर. रक्त आलं तर आधी दाबून धरायचं. नेमकी जागा दिसल्याशिवाय कॉटरीचा चटका द्यायचा नाही. गालाच्या फांद्या एकमेकींत गुंफलेल्या, त्यामुळे एखादी दुखावली तरी बहुधा निभावतं. कपाळाच्या आणि खालच्या ओठाच्या फांदीला असा आधार फार कमी.

दुपारी २:३०
ओपीडीत एक आजोबा. वडाळ्याच्या ॲकवर्थ रुग्णालयात कुष्ठरोगावर उपचार घेऊन बरे झालेले, पण उजवा डोळा मिटत नाही. बुबुळ कोरडं, लाल. कुष्ठरोगाचे जंतू थंड जागा धरतात आणि गालाच्या हाडावर नस उथळ असते. मुंबईतच डॉ. नोशीर अंतिया यांनी अशा रुग्णांना चेहरा परत मिळावा म्हणून प्लास्टिक सर्जरी वापरली. शिकाऊ डॉक्टरला जवळ बोलावतो: “नस गेली की काय होतं, ते नीट बघ.”

संध्याकाळी ६:००
काकूंच्या दोन्ही भुवया उचलतात, डोळे मिटतात. ओठ सकाळइतकाच हलतो. गाल मऊ आहेत, आत रक्त साठलेलं नाही. रात्री बीपी वर जाऊ द्यायचं नाही, असं सिस्टरना बजावतो.

७:३०
शिकाऊ डॉक्टर विचारते, “सर, लाळग्रंथीच्या गाठीत आपण आधी नस शोधतो. इथे का नाही?” तिथे गाठीपर्यंत जायचं तर नसेजवळून जावंच लागतं. इथे तिच्या वाटेला जायचं कारणच नाही. आपला थर ओळखायचा आणि तो सोडायचा नाही. थर हरवला असं वाटलं, तर मागे येऊन जिथे तो स्पष्ट होता तिथून पुन्हा सुरुवात करायची. गाल थोडा कमी ओढला गेला तरी चालेल. काकूंना उद्या नातवाकडे बघून हसता आलं पाहिजे.