हरवलेल्या ठिणगीचा माग
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कसाऱ्याला जाणारी लोकल खर्डी सोडली की कसाऱ्याच्या आधी एका लहानशा स्थानकावर थांबते. ते उंबरमाळी. पुढे कसारा घाट आणि जवळून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय याच शहापूर तालुक्यात आहेत, यावरून इथल्या पावसाची कल्पना यावी. आषाढ-श्रावणात ढग रस्त्यावर उतरतात आणि समोरचा ट्रक दिवे लावूनही नीट दिसत नाही. अशा रस्त्यावर, अंधार पडताना, घरातली जुनी बुलेट दोन आचके देऊन बंद पडली तर काय करायचे? मागे कोणी आजारी माणूस बसलेला असेल, त्याला शहापूरच्या दवाखान्यात न्यायचे असेल, तर हा प्रश्न केवळ हौशी माणसाचा राहत नाही.

अशा वेळी बहुतेक जण आधी किकवर किक मारतात. मग प्लग बदलतात. तरीही गाडी सुरू झाली नाही तर दुसऱ्या दिवशी ती टेम्पोत घालून गॅरेजात जाते. तिथे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट असे सगळेच नवे बसते. शेवटी कळते, की बॅटरीच्या टोकाशी एक वायर सैल होती. दोष पाच मिनिटांचा असतो, तो शोधण्याचा क्रम चुकल्यामुळे महाग पडतो. म्हणून आज आपण हा क्रम समजून घेऊ.

आपण बुलेट आपलीच समजतो, आणि ते खरेही आहे. पण तिचे मूळ इंग्लंडमधल्या रेडिच गावचे. तिथे रॉयल एनफिल्ड कंपनीने १९०१ मध्ये पहिली मोटरसायकल तयार केली. १९५० च्या दशकात आपल्या सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीची बुलेट निवडली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीला रेडिचहून सुटे भाग आणून इथे जोडणी होई, पुढे सगळेच भाग इथे बनू लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, मद्रासचा चालू राहिला. त्यामुळे अर्ध्या शतकापूर्वीची ब्रिटिश विद्युतरचना आपल्या खेड्यापाड्यांत पुढे कितीतरी वर्षे धावत राहिली. तिच्याआधी दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस या गाड्या होत्या. त्यांतल्या काही आजही नाशिक, पुणे, मुंबईच्या शौकिनांनी जपून ठेवल्या आहेत.

आता ठिणगी पडते कशी ते पाहू. बॅटरी असते ६ किंवा १२ व्होल्टची. प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला मात्र हजारो व्होल्ट लागतात. हे काम कॉइल करते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, काहीशे वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. जाड तारेतून प्रवाह वाहू लागला की गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. तो प्रवाह एकदम तोडला की क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेत प्रचंड दाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले तत्त्व ते हेच.

प्रवाह नेमक्या क्षणी तोडणारा दरवाजा म्हणजे पॉइंट. बुलेटच्या उजव्या बाजूला गोल झाकणाची डबी असते, तिच्यात पॉइंट बसवलेले असतात. इंजिन फिरते तशी आतली कॅम त्यांना उघडते आणि मिटू देते. पॉइंट उघडताना प्रवाह त्या फटीतून उडी मारू पाहतो. त्याला क्षणभर सामावून घेणारे भांडे म्हणजे कंडेन्सर. तो नसेल तर ठिणगी प्लगवर पडण्याऐवजी पॉइंटवरच जळत राहते.

म्हणजे वाटा दोन झाल्या. बॅटरी, फ्यूज, चावी, कॉइलची जाड तार, पॉइंट आणि शेवटी गाडीचा सांगाडा, ही कमी दाबाची वाट. कॉइलची बारीक तार, प्लगची जाड वायर, कॅप आणि प्लग, ही जास्त दाबाची वाट. दोष कोणत्या वाटेवर आहे एवढे आधी ठरवले की निम्मे काम झाले.

त्याही आधी एक प्रश्न. दोष विजेचाच आहे का? प्लग काढून पाहा. तो कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नसावे. टाकीच्या झाकणाचे भोक बुजले तरी गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर कॉइलला दोष देऊ नका.

प्लग ओला असेल तर तो पुसून कॅपमध्ये बसवा, त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या उघड्या भोकापासून मात्र त्याला दूर ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. निळी, टचकन आवाज करणारी ठिणगी दिसली तर बरे. पिवळट, बारीक दिसली तर ती कमजोर. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उघड्या हवेत ठिणगी सहज उडते, सिलिंडरमधल्या दाबाखाली तिला अधिक जोर लागतो. म्हणून बाहेर दिसलेली अशक्त ठिणगी आत पडेलच असे नाही.

ठिणगी दिसलीच नाही तर बुलेटच्या मालकाकडे एक उपकरण आधीच असते. पुढच्या दिव्याच्या वर बसवलेला अँमीटर. जुने लोक त्याच्याकडे बघूनच किक मारत. डीकॉम्प्रेसर ओढायचा, किक हळूहळू दाबायची आणि काटा मध्यावर आला की मग जोराची किक द्यायची. ही रीत पुष्कळांना पाठ असते, तिच्यामागचे कारण मात्र थोड्यांना. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीतून प्रवाह जातो आणि काटा खर्चाच्या बाजूला झुकतो. पॉइंट उघडले की प्रवाह थांबतो आणि काटा मध्यावर येतो. म्हणजे डबी न उघडताच आतले पॉइंट काय करत आहेत ते दिसते.

आता दिवे बंद ठेवा, चावी चालू करा, किक हळूहळू दाबा आणि काटा पाहा. तीन गोष्टी संभवतात.

पहिली, काटा झुकतो आणि परत येतो. कमी दाबाची वाट बहुतेक ठीक आहे. संशय प्लग, कॅप, वायर, कंडेन्सर आणि कॉइलची बारीक तार यांच्यावर घ्यावा.

दुसरी, काटा मध्यावरून हलतच नाही. प्रवाह कुठेतरी तुटला आहे. आधी हॉर्न वाजवा. तोही वाजत नसेल तर बॅटरीची टोके आणि फ्यूज पाहा. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते. हॉर्न वाजत असेल तर चावीपासून पॉइंटपर्यंत शोधा. बहुतेक वेळा पॉइंटवर तेल किंवा काजळी बसलेली असते. पेट्रोलमध्ये बुडवलेले स्वच्छ फडके आणि नंतर एक कोरा जाड कागद त्यांच्यामधून ओढला तरी काम होते.

तिसरी, काटा झुकतो आणि झुकलेलाच राहतो. दरवाजा उघडतच नाही. पॉइंटमधली फट संपली असेल, कंडेन्सर आतून शॉर्ट झाला असेल, किंवा नुकतेच पॉइंट बदलले असतील तर एखादे इन्सुलेशनचे वॉशर चुकीच्या जागी बसले असेल. ते वॉशर शेंगदाण्याच्या टरफलाएवढे, पण त्याच्यावाचून सगळा प्रवाह थेट सांगाड्यात जातो. या स्थितीत चावी फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

अँमीटर मेलेला असेल तर टेस्ट लॅम्प करा. एक छोटा बल्ब आणि दोन वायरी. एक वायर सांगाड्याला लावा. दुसरी कॉइलच्या चावीकडच्या टोकाला लावल्यावर बल्ब पेटला पाहिजे. मग ती पॉइंटकडच्या टोकाला लावा. पॉइंट उघडे असताना बल्ब पेटावा, मिटल्यावर विझावा. जिथे हा नियम मोडतो, तिथे दोष.

पॉइंटची फट बुलेटमध्ये साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, तशी फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. गाडी चालते, पण चढावर दम टाकते आणि तापते. बारा आण्याची फट न तपासता माणसे इंजिन उघडायला निघतात, ती इथे.

कंडेन्सरचा दोष ओळखायला डबी उघडून चावी चालू करा आणि किक दाबताना पॉइंटकडे पाहा. त्यांच्यात मोठी, पांढरी-निळी ठिणगी सतत दिसत असेल, पॉइंटवर खड्डे आणि टेंगळे आली असतील आणि प्लगची ठिणगी पिवळी असेल, तर कंडेन्सर बदलून पाहावा. मात्र नवा म्हणजे चांगलाच, असे धरून चालू नये. बाजारात हलक्या प्रतीचे कंडेन्सर पुष्कळ मिळतात. चालता जुना काढला असेल तर तो फेकू नका, डिकीत ठेवा.

सगळ्यांत चकवणारा दोष गरम झाल्यावर येणारा. गाडी सकाळी एका किकला सुरू होते, घाटाच्या मध्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. गॅरेजात पोचेपर्यंत ती थंड झालेली असते आणि मेकॅनिक म्हणतो, गाडी तर ठीक आहे. तापल्यावर कॉइल किंवा कंडेन्सरचे आतले इन्सुलेशन हार खाते, हे त्याचे नेहमीचे कारण. असा दोष बंद पडल्याच्या जागीच, गाडी गरम असताना तपासावा लागतो. कॉइल बदलताना व्होल्टही पाहून घ्यावेत. ६ व्होल्टची कॉइल १२ व्होल्टच्या गाडीत बसवली तर ती लवकरच जळते.

पावसाळ्यात मात्र आधी वायर आणि कॅप पाहावी. जुन्या रबराला भेगा पडतात, त्यांत पाणी शिरते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच इंजिनाच्या धातूवर उतरते. अंधारात गाडी चालू ठेवून पाहिले तर वायरीच्या अंगावर निळसर चमक दिसते. पाहायचे ते डोळ्यांनी, हात लावून नव्हे. कोरडे फडके तात्पुरते काम भागवते, खरा उपाय नवी वायर. पॉइंटच्या डबीचे झाकण आणि त्याखालचे पॅकिंग मिरगाच्या आधी एकदा पाहून घ्यावे.

युद्धकाळातल्या बीएसए किंवा नॉर्टनमध्ये गोष्ट वेगळी. तिथे ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही, मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. इंजिन बंद करण्याचे बटण असेल तर ते मॅग्नेटोचा प्रवाह सांगाड्याला जोडून ठिणगी मारते. त्या बटणाची वायर सोलून सांगाड्याला टेकली तर गाडी कधीच सुरू होणार नाही. म्हणून मॅग्नेटोवर ठिणगी नसेल तर आधी ती एक वायर सोडवून पाहावी. चालू इंजिनावर प्लगची कॅप ओढून काढण्याची सवयही टाळावी. वीज बाहेर जायला वाट शोधते आणि आतले इन्सुलेशन फोडते.

जुनी गाडी नव्याने सजवणाऱ्यांसाठी दोन सूचना. सांगाड्याला जाड रंग दिला की वायरीचा सांगाड्याशी असलेला संपर्क तुटतो. जोडणीच्या जागा खरवडून धातू उघडा करावा. दुसरे, जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, आजच्या रिवाजाच्या उलट. न पाहता नवी बॅटरी लावली तर रेक्टिफायर जातो. इंग्लंडमधले मोटरसायकलवाले बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीला गमतीने अंधाराचा राजपुत्र म्हणत. पण जुन्या गाडीतले कितीतरी अंधार अशा सैल जोडण्यांनी आणि घाईच्या हातांनीच केलेले असतात.

आणि काहीच सुचले नाही तर? बॅटरीच्या सांगाड्याला न जोडलेल्या टोकापासून कॉइलच्या चावीकडच्या टोकापर्यंत एक लांब वायर थेट जोडा. चावी आणि जुन्या वायरी वगळल्या जातात. दोष त्यांच्यात असेल तर गाडी घरापर्यंत येईल. पोचल्यावर ती वायर काढायची, म्हणजे इंजिन बंद होईल.

डिकीत एक प्लग, एक चालता कंडेन्सर, फिलर गेज, पेचकस, टेस्ट लॅम्प, हातभर वायर, विजेरी आणि कोरडे फडके प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या. गाडी बंद पडली तर आधी ती रस्त्याच्या कडेला पूर्ण बाहेर घ्या. घाटातले ट्रक कोणासाठी थांबत नाहीत. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर किक मारून पाहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुरू होईलही, पण कशाने झाली ते कळणार नाही आणि पुढच्या पावसात तोच दोष पुन्हा भेटेल.

२०१० च्या आसपास बुलेटचे जुने लोखंडी इंजिन इतिहासजमा झाले. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये पॉइंटच नाहीत, दोष सांगायला संगणक लागतो. पॉइंटवर हात बसलेले मिस्त्री आता वयस्क होत आहेत आणि त्यांना शोधत कल्याण किंवा नाशिक गाठावे लागते. घरात आजोबांची बुलेट उभी असेल तर एखाद्या कोरड्या दिवशी मुलांना सोबत घ्या, डबीचे झाकण उघडा आणि काटा झुकतो कसा, परत येतो कसा ते त्यांना दाखवा.