हेरिटेज हॉटेलात राहिलात, म्हणजे फील्डवर्क झालं का?

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "त्या ठिकाणी जाऊन चार दिवस राहिलं की फील्डवर्क होतं ना?" माझंही आधी असंच मत होतं. ते कसं बदललं, ते आज सांगते.

मी नंदाखालची. जुन्या घरांचं पुढे काय होतं, हा माझ्या अभ्यासाचा विषय. तुलनेसाठी पणजीतलं फोंतेन्हास निवडलं. आल्तिन्यो टेकडी आणि उरें खाडी यांच्यामधली ही जुनी वस्ती. तिथल्या काही घरांची आता बुटिक हॉटेलं झालीत. अशाच एका हॉटेलात तीन रात्री राहिले. पहिल्या दिवशी वहीत लिहिलं : "जाड भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या, कौलारू छप्पर. अस्सल पोर्तुगीज घर." रात्री वाचलं तर लक्षात आलं, हे निरीक्षण नव्हतंच. खोलीतल्या माहितीपत्रकाचीच नक्कल होती!

मग काय करायचं? चार गोष्टी.

१. दर्शनी भाग कुठे संपतो ते बघा. डीन मॅक्‌कॅनेल या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये 'रंगमंचित अस्सलपणा' अशी कल्पना मांडली. पर्यटकाला घराच्या आतलं खरं जगणं बघायचं असतं. म्हणून मग 'आतलं' म्हणूनही एक देखावा मांडला जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर ओटीबरोबर माजघरही पाहुण्यांसाठी सजवलं जातं. पण चादरी कुठेतरी धुतल्या जातातच, कामगार कुठेतरी जेवतातच. नवं माजघर कुठे गेलं, ते शोधा.

२. वस्तूला तारीख विचारा. गोव्यातल्या जुन्या छपरांवर मंगलोरी कौलं दिसतात. मंगळूरचा पहिला कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला. म्हणजे मंगलोरी कौलांचं छप्पर त्याआधीचं असू शकत नाही. आता इथे घाई करू नका. यावरून *घर* १८६५ नंतरचं ठरत नाही. जुन्या घरावर नवं छप्पर चढलेलं असू शकतं. पुरावा जेवढं सांगतो, तेवढंच लिहायचं. आणि 'पोर्तुगीज' घराचं छप्पर जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या धंद्यातून आलेलं असेल, तर 'अस्सल' हा शब्दही जपून वापरायला हवा.

३. ऐकलेली गोष्ट तपासा. इथल्या '३१ जानेवारी' रस्त्याचं नाव पोर्तुगालला स्पेनपासून मिळालेल्या स्वातंत्र्यावरून पडलं, असं पर्यटकांना सर्रास सांगतात. पण ती घटना १ डिसेंबर १६४० ची! ३१ जानेवारीला, १८९१ साली, पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध उठाव झाला होता. तो फसला, पण १९१० मध्ये पोर्तुगाल प्रजासत्ताक झालं आणि तिथल्या अनेक रस्त्यांना ही तारीख मिळाली. त्यामुळे पणजीतलं नावही त्याच उठावावरून, १९१० नंतर दिलेलं असावं, हा जास्त पटणारा अंदाज. अंदाज म्हणूनच तो वहीत जातो. नगरपालिकेचे जुने कागद बघितल्याशिवाय त्याची नोंद होत नाही.

४. कोण भेटलं नाही, ते लिहा. हॉटेलात मला मालक, कामगार आणि पाहुणे भेटले. शेजारी नाही भेटले. बाहेर मात्र काही घरांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या होत्या. लोक राहतात त्या घरांसमोर दिवसभर फोटोसेशन चाललेलं असतं, त्याचा हा वैताग. खोलीत बसून तो मला कधीच कळला नसता. शिवाय खोलीचं भाडं भरून मीही त्याच गर्दीत सामील झाले होते. हे शोधनिबंधात लपवू नका. 'संशोधकाचं स्थान' म्हणतात ते हेच.

आता नंदाखालकडे येऊ. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ मध्ये, गेली १७३९ मध्ये. गोवा त्यांच्याकडे १९६१ पर्यंत होता आणि पणजी अधिकृत राजधानी झाली १८४३ मध्ये. म्हणजे फोंतेन्हासचा साचा उचलून आमच्या गावावर ठेवता येणार नाही. आमच्याकडे घराबरोबर वाडी आहे, बावखल आहे. बावखल बुजवून नुसतं घर राखलं, तर नेमकं काय राखलं?

परत आल्यावर काकांनी विचारलं, "मग काय, आपलं घर पाडायचं का हॉटेल करायचं?" डागडुजीचा खर्च त्यांनाच करायचा आहे, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नाही. मी उत्तर दिलं नाही. तीन रात्रींच्या मुक्कामावर ते देणं अप्रामाणिक झालं असतं. शेजारपाजारच्या दहा घरांत जाऊन बसायचं मात्र ठरवलंय. या वेळी पाहुणी म्हणून नाही.

तुम्ही कुठेही जा, वहीच्या पानावर तीन रकाने आखा : *पाहिलं, सांगितलं गेलं, मला वाटलं.* रोज रात्री प्रत्येक वाक्य त्याच्या रकान्यात टाका. माझ्या पहिल्या दिवसाचा पहिला रकाना जवळजवळ रिकामा निघाला होता. तुमचाही निघाला तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी काय बघायचं, ते तिथूनच कळतं.