शरणपूर : देव आश्रय देतो म्हणजे नेमकं काय देतो?

देवाच्या स्वभावाविषयीच्या या व्याख्यानमालेत आज आपण एका ओळखीच्या नावापासून सुरुवात करू या. नाशिकचा शरणपूर रोड आपल्याला माहीत आहेच. बँका, दवाखाने, दुकानं, सिग्नलवरची गर्दी, सगळं रोजचं. पण हे 'शरणपूर' कुठून आलं, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

हा शब्द मराठी पवित्र शास्त्रात आहे. गणना 35 आणि यहोशवा 20 या अध्यायांत सहा शरणपुरांविषयी सांगितलं आहे. यार्देन नदीच्या पश्चिमेला केदेश, शखेम आणि हेब्रोन. पूर्वेला बेसेर, रामोथ आणि गोलान. ही नगरं कशासाठी होती? समजा, दोघे जण रानात लाकडं तोडायला गेले. एकाच्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि दुसऱ्याला लागून तो मेला. मनात वैर नव्हतं, पण जीव तर गेला. आता मेलेल्याचा नातलग सूड घ्यायला मागे लागणार. अशा माणसाने शरणपुरात धाव घ्यायची.

या व्यवस्थेतल्या तीन गोष्टींवरून ती ठरवणाऱ्या देवाचा स्वभाव कळतो.

पहिली गोष्ट, आश्रय हाताच्या अंतरावर हवा. अनुवाद 19 मध्ये देशाचे तीन भाग करून तिथवर वाटा तयार करायला सांगितलं आहे. संकटातल्या माणसाने आधी वाट शोधत फिरावं, अशी देवाची अपेक्षा नाही. दुसरी गोष्ट, ही नगरं इस्राएल लोकांसाठी होती तशीच त्यांच्यात राहणाऱ्या परक्यांसाठीही होती. त्या काळी परक्याच्या बाजूने बोलणारं गोत्र नसे, हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट केवढी मोठी आहे ते कळतं.

तिसरी गोष्ट आपण फार वेळा विसरतो. शरणपुरात शिरलं म्हणजे चौकशी संपली, असं नव्हतं. त्या माणसाला मंडळीसमोर उभं राहावं लागे. जाणूनबुजून खून केल्याचं ठरलं, तर आश्रय मिळत नसे. म्हणजे देवाची दया सत्याला बाजूला सारत नाही. सूड थांबतो आणि न्यायाला जागा मिळते.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण याचा थेट संबंध आपल्या घरांशी आहे. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला आपल्यापैकीच कुणीतरी सांगतं, "देव क्षमाशील आहे, तूही सोसून घे." वाक्य धार्मिक वाटतं. पण त्या क्षणी आश्रय कुणाला मिळाला? मारणाऱ्याला! आणि जी धावत आली होती, तिला परत त्याच दारात सोडलं गेलं. शरणपुराच्या देवाचं नाव घेऊन हे करता येत नाही. आधी तिला सुरक्षित जागा, मग खऱ्याची चौकशी, आणि क्षमेविषयी बोलायचंच तर त्यानंतर.

आता नाशिकच्या शरणपुराकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वस्ती वसवली. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस तिचे प्रमुख होते. पोरकी मुलं इथे आली, आणि आणखीही काही मुलं आली. अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची गलबतं पकडत असे. त्यांतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काही जणांना मुंबईहून नाशिकला आणलं गेलं. ती इथे शिकली, सुतारकाम आणि लोहारकामासारखे हातचे धंदे शिकली. गोदावरीकाठच्या या गावात ती मराठी ऐकत वाढली.

जेकब वेनराइट हा त्यांच्यातलाच एक. प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 साली आजच्या झांबियात वारले, तेव्हा नाशिकला शिकलेल्या या तरुणाने तिथे अंत्यविधीच्या प्रार्थना वाचल्या. मग त्यांचे आफ्रिकी सोबती तो देह महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत घेऊन गेले. पुढे वेनराइट शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला हजर होता. 1875 साली मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रियर टाउन ही वसाहत उभी राहिली, तेव्हा नाशिकला वाढलेले बरेच आफ्रिकी ख्रिस्ती तिकडे गेले. ज्यांना आश्रय मिळाला होता, त्यांच्यातले काही आता दुसऱ्यांना आश्रय देणारे झाले.

मात्र ही गोष्ट फार गोडही करू नये. 'जेकब वेनराइट' हे काही त्या मुलाला आईने दिलेलं नाव नव्हे. आश्रय देणाऱ्यांनी जीव वाचवला, अक्षरं दिली, आणि जुनं नाव पुसलंही. माणसाने दिलेल्या आश्रयात असा उणेपणा राहतो. म्हणून आश्रय देणाऱ्याने स्वतःला देव समजू नये.

तरीही देव आपला आश्रय माणसांच्या हातूनच पोचवतो. रूथचं पुस्तक आठवा. रूथ मवाबी, परकी, विधवा. दुसऱ्या अध्यायात बवाज तिला आशीर्वाद देतो, की तू इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रयाला आली आहेस, तो तुला भरून देवो. बोलायला सुंदर! पण तिसऱ्या अध्यायात रूथ त्यालाच म्हणते, की तुमचं वस्त्र माझ्यावर पसरा. मूळ हिब्रू भाषेत दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, 'कानाफ'. त्याचा अर्थ पंख, आणि वस्त्राचा काठ किंवा पदरसुद्धा. जणू रूथ विचारते आहे, देवाच्या पंखांविषयी तुम्ही बोललात, आता तुमच्या पदराचं काय?

आपल्या भाषेत 'पदराखाली घेणं' म्हणतात ते हेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला 'माउली' म्हटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पदर म्हणजे काय, हे मराठी माणसाला शब्दकोश न उघडता कळतं.

2020 च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गावरून हजारो मजूर नाशिकवरून चालत गेले. त्यांना पाणी आणि जेवण देणाऱ्यांनी आडनावं विचारली नाहीत. पण आज सातपूर-अंबडला कामाला आलेला मुलगा खोली मागतो, तेव्हा आपण भाड्याच्या आधी काय विचारतो? जात? धर्म? गाव कुठलं?

या आठवड्यासाठी आपण एकच काम घेऊन जाऊ. आपल्या ओळखीत दाराशी येऊन थांबलेलं कोण आहे, ते आठवू या. सासरी परत जायला घाबरणारी मुलगी असेल, व्यसन सोडू पाहणारा शेजारी असेल, खोली शोधणारा परगावचा माणूस असेल. त्याच्यासाठी प्रार्थना तर करूच. पण आमेन म्हणून झाल्यावर उठून दारही उघडू.