मोठ्या कार्डाचा शेजार

आमच्या विभागातल्या जुन्या ध्वनिफिती संगणकावर उतरवायच्या होत्या. फिती झिजत चाललेल्या. उशीर परवडणारा नव्हता. साउंड कार्ड आणले, संगणकाचे झाकण काढले, आणि पाहतो तो काय, ग्राफिक्स कार्डाने शेजारचे दोन्ही स्लॉट झाकून टाकलेले!

आता तुम्ही म्हणाल, असे कसे? तर 1995 सालच्या एटीएक्स रचनेत दोन स्लॉटांमधले अंतर 20.32 मिलिमीटर ठरले. तेव्हा एक कार्ड एका घरात सुखाने राही. 2022 साली आलेले आरटीएक्स 4090 मात्र 61 मिलिमीटर जाड, म्हणजे तीन घरे अडवणारे. 450 वॅट वीज खाणाऱ्याला थंड ठेवायचे, तर पत्रे आणि पंखे हवेतच.

पण पीसीआय एक्सप्रेसचे आखूड कार्ड लांब स्लॉटातही चालते. म्हणून तळाचा लांब स्लॉट धरावा. पंख्यांना खेटून काही लावू नये, त्यांची हवा अडते. मी तसेच केले. तरी कार्ड मुके! दोन संध्याकाळी त्याला दूषणे दिली. मग मदरबोर्डची पुस्तिका उघडली (ती आधी कोण वाचतो?). एका एम-टू जागेत एसएसडी असली, की तळाचा स्लॉट बंद राहतो, असे तिथे छापलेलेच होते. एसएसडी दुसऱ्या जागी हलवली आणि पहिली फीत लावली.